तोफ आणि सुतारपक्षी

नौकेचे बोधचिन्ह हा कलाविचारात सहसा न येणारा विषय. तरीही प्रतिमा कशी जगते आणि कशी निर्जीव होते हे पाहायचे असेल, तर ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

१९१८ पूर्वी ब्रिटिश नौकांची चिन्हे कप्तान वा जहाज बांधणारे आपल्या मर्जीने ठरवीत. त्या वर्षी टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागाराचे अभिरक्षक चार्ल्स फोक्स यांच्या पुढाकाराने समिती झाली आणि या कारभाराला शिस्त आली. वर शिडे व गलबतांच्या पिछाड्या गुंफलेला मुकुट, मध्ये प्रतिमा. बड्या युद्धनौकेला वर्तुळ, क्रूझरला पंचकोन, विनाशिकेला ढाल. ‘वॉरस्पाइट’च्या वर्तुळात जुनी तोफ आली. खलाशांनी मात्र आपला हिरवा सुतारपक्षी सोडला नाही.

हा पक्षी आला कोठून? ‘स्पाइट’ म्हणजे द्वेष, हे उघडच आहे. पण जुन्या इंग्रजीत त्याच उच्चाराचा एक शब्द सुतारपक्ष्यालाही होता. पहिली ‘वॉरस्पाइट’ १५९६ची. शत्रूची गलबते तेव्हा लाकडी. त्यांना भोके पाडणारी नौका म्हणजे युद्धातला सुतारपक्षीच! आपल्याकडे याला श्लेष म्हणतील.

असा विनोद युद्धनौकेला शोभतो काय, असे कोणी विचारील. परंतु युरोपातील चिन्हविद्येला श्लेष कधीच परका नव्हता. कास्टीलच्या ढालीवर किल्ला आणि लेऑनच्या ढालीवर सिंह आहे, तो नावाच्या ध्वनीमुळेच. चिन्ह नाव बोलून दाखवते, म्हणून ते लक्षात राहते.

तोफेचा दोष नेमका येथे आहे. ती चुकीची नाही. ती कोणत्याही युद्धनौकेला चालेल, हेच तिचे उणेपण. जटलंड (१९१६) आणि मॅटापान (१९४१) येथे लढलेली नौका १९४७ साली मोडीत काढण्यासाठी नेताना कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर रुतली. पुढे १९६७ साली हेच नाव घेऊन एक अणुपाणबुडी सेवेत आली. तिच्यावर तोफच नव्हती! जहाजाच्या कुशीला भोक पाडणारा टॉर्पेडो मात्र होता. म्हणजे समितीच्या गंभीर प्रतिमेचा आधार सुटला, आणि खलाशांचा श्लेष पोलादाच्या युगातही अर्थपूर्ण राहिला.

शिस्तीने चिन्हांना आकार दिला, हे तिचे ऋण मान्यच. पण आकार म्हणजे अर्थ नव्हे. तो माणसांच्या वापरातून येतो आणि तेथेच टिकतो.