पडद्याआडचा विद्यार्थी

ऑनलाइन शिक्षणाने ज्ञानाचे दरवाजे सर्वांना खुले केले, असे उच्चशिक्षणाच्या परिसंवादांतून हमखास ऐकू येते. दरवाजाचा प्रश्न आमच्या पिढ्यांनी भोगलेला आहे. आत आलेल्याला बसायला जागा आहे काय, त्याचे कोणी ऐकते काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

२०२०-२१ साली मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ऑनलाइन मराठी शिकवीत होतो. एक मुलगी कधीच कॅमेरा लावीत नसे, विचारले तर उत्तर देत नसे. मी तिचे सहभागाचे गुण कापले. महाविद्यालय उघडल्यावर पहिल्याच तासाला तिने तीन प्रश्न विचारले. ते तिने वर्षभर वहीत लिहून ठेवले होते! घरात फोन एकच; तो बापाबरोबर कामावर जाई. हाती आला तरी एका खोलीत पाच माणसे. ती खोली वर्गाला दाखवायची तिला लाज वाटे. पदवी घेणारा माझ्या घरातला मी पहिला. वसतिगृहात घरचा पत्ता सांगताना माझीही जीभ अडखळे. तरी तिची शांतता मला आळस वाटली.

चूक माझी होतीच. पण मोजमापातही खोट आहे. किती वेळा प्रवेश केला, किती मिनिटे चित्रफीत चालली, यालाच 'सहभाग' म्हणतात. हा तर फोनचा सहभाग! २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक, तर १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. नंतर फोन वाढले, हे खरे. पण घरात एक फोन म्हणजे प्रत्येकाला वर्ग नव्हे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा दिली. ती देताना या घराचा विचार कोणी केला?

हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पुरा केला. त्यात नुसते डोकावून जाणारे पुष्कळ असतात, असे म्हटले जाते. असतील. पण आमच्या मुलांना डोकावून परत जाणे परवडत नाही. त्यांचे एक वर्ष बुडाले की शिक्षणच सुटते.

म्हणून तंत्रालाच विरोध करावा काय? नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरत. विद्यार्थ्याचे जगणे आधी, वेळापत्रक नंतर! कामावरून परतलेल्या मुलाला रात्री व्याख्यान ऐकता येत असेल, तर ते या परंपरेतच बसते. मात्र कॅमेऱ्याची सक्ती नको, हजेरीला गुण नकोत. आणि अडलेले विचारायला समोर शिक्षक हवा.

शिक्षकमित्रांनो, पडद्यावर जो काळा चौकोन दिसतो, त्याला शून्य देण्याआधी त्याची वही मागा.