शेवटच्या सेटची परीक्षा

संगीत महोत्सवाची पत्रिका हाती आली की ती खालून वर वाचावी. शेवटच्या दिवसाची शेवटची जागा कुणाला दिली आहे, एवढ्यावरून तिथे मान कशाला आहे हे कळतं. पुण्यात 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात ही जागा वर्षानुवर्षं भीमसेन जोशींची होती. पुढे प्रभा अत्रे यांच्या गाण्याने सांगता होण्याचा प्रघात पडला. हैदराबादेत पंडित जसराजांनी वडील मोतीराम यांच्या स्मरणार्थ 1972 पासून संगीत समारोह चालवला. अशा ठिकाणी कुणी कुणाच्या आधी बसायचं हे ज्येष्ठतेवर आणि रियाजावर ठरतं, आणि श्रोत्यांनाही ते मान्य असतं.

बँडच्या महोत्सवात हाच हिशेब वेगळा होतो. तिथली शेवटची जागा तिकिटं खपवणाऱ्याची. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 पासून भरणाऱ्या लोलापलूझाची सांगता पहिल्या वर्षी ‘द स्ट्रोक्स’ने केली, 2024 मध्ये स्टिंगने आणि 2025 मध्ये ‘ग्रीन डे’ने. तिघांच्याही योग्यतेबद्दल प्रश्न नाही. पण आपले बँड बहुतेक करून दुपारच्या उन्हात वाजवतात, तेव्हा मैदान निम्मंही भरलेलं नसतं. निव्वळ देशी महोत्सवांतही शेवटचा मान पुष्कळदा चित्रपटाचा गायक किंवा डीजे घेऊन जातो.

याला आयोजकांचा कोतेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. आज आपल्याकडे वाजवणाऱ्यांची वाण नाही. गिटार, ड्रम, बेस यांवर हात तयार असलेली मुलं हैदराबादेपासून शिलाँगपर्यंत सापडतात. अडतं ते शेवटाशी. तीन दिवस ऐकून कान थकलेल्या हजारोंच्या गर्दीला तासभर धरून ठेवायला दोन गोष्टी लागतात. एक, लोकांच्या ओठांवर असलेली स्वतःची गाणी. दुसरी, समोरच्या क्षणाप्रमाणे गाणं वाढवण्याची, आवरण्याची तयारी. या दोन्ही गोष्टी मोठ्या मंचावर शिकता येत नाहीत. त्या छोट्या खोलीत, पन्नास माणसांसमोर, तीच गाणी पुन्हा पुन्हा वाजवून येतात. ही खोलीच आपल्या शहरांत दुर्मीळ आहे, आणि हैदराबादेत तिची उणीव सर्वांत ठळक दिसते.

चित्रपटाने बँड गिळणं ही आजची गोष्ट नाही. 1940-50च्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक जॅझ वाजवत. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक झाला. ‘अलबेला’च्या (1951) संगीतातला उसळता पितळी रंग त्या हॉटेल-बँडांच्या शाळेतून आलेला आहे. चित्रपटसंगीत त्यामुळे श्रीमंत झालं; बँड मात्र वादकांच्या यादीत विरघळले आणि ती नावंही फारशी कुणाला ठाऊक राहिली नाहीत. पुढे 1984 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ने उलटा रस्ता धरला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी परक्या गाण्यांच्या नकला सोडून 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. 1986 पासून रंगभवनात भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने अशा बँडांना मंच दिला. शेजारच्या रुग्णालयामुळे आणि महाविद्यालयामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला, रंगभवनातले कार्यक्रम थांबले आणि मुंबईने आपलं खुलं घर गमावलं.

त्यानंतर पुण्याची पाळी आली. 2010 मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘एनएच7 वीकेंडर’ने एकाच आवारात अनेक मंच मांडले आणि भारतीय बँडांना महोत्सवाचा कणा मानलं. हे पुण्यात जमलं याचं कारण आधीची मशागत. कोरेगाव पार्कातल्या ‘हाय स्पिरिट्स’सारख्या ठिकाणी स्वतःची गाणी वाजवणारे बँड नेमाने येत होते आणि महाविद्यालयांतून ऐकणारे तयार होत होते. मुंबईत 2007 ते 2016 या काळात ‘ब्लू फ्रॉग’ने तेच केलं. एनएच7 हैदराबादलाही येऊन गेला. पण तो पाहुणा म्हणून आला आणि पाहुण्यासारखाच परतला, कारण तो ज्यावर रुजावा असं वर्षभराचं काही इथे नव्हतं.

गंमत अशी की समूहाने वाजवण्यात हे शहर कुणाला हार जाणारं नाही. निजामाच्या फौजेतल्या आफ्रिकी आणि हद्रमौती अरब शिपायांनी आणलेला मरफा आजही लग्नाच्या वरातीत वाजतो. ढोल, मरफ्याचा नगारा, हंड्यावर पडणारी थाप, मध्येच लाकडी थापीचा कडकडाट, आणि वरात जिथे अडेल तिथे ठेका अडवून धरायची तयारी. नांदेड-परभणी-औरंगाबादेत त्याच अरबांच्या वंशातली चाऊस मंडळी आहेत, त्यामुळे मराठवाड्यालाही हा आवाज परका नाही. दुसरीकडे कव्वाली आहे. नसीर आणि नझीर अहमद खाँ वारसी यांच्यासारखे हैदराबादचे कव्वाल एखाद्या मिसऱ्यावर, म्हणजे ओळीवर, कुणाला हाल (भावसमाधी) आला तर तोच मिसरा हवा तितका वेळ फिरवत राहतात. हार्मोनियम, तबला, ढोलक, टाळ्या आणि मागचा कोरस अशा आठ-दहा जणांचा हा बँडच. त्याच्याकडे शेवटाचं शास्त्रही आहे: मैफल ‘रंग’ या रचनेने संपते. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते तसंच. श्रोत्याला ठाऊक असतं की आता मिटतंय, आणि त्या जाणिवेनेच गाणं गहिरं होतं.

आजच्या बँडांकडे असा सर्वमान्य शेवट नाही. बहुतेकांचा सेट एकाच साच्यात ओतलेला असतो: सुरुवातीला दमदार गाणं, मध्ये एक संथ, मग प्रेक्षकांकडून टाळ्या वाजवून घेणं, शेवटी सर्वांत मोठा आवाज. आवाज वाढला म्हणजे उत्कर्ष झाला, हा गैरसमज पहिल्या दिवशी खपतो. तिसऱ्या रात्री तो उघडा पडतो, कारण तोवर कानांनी त्याहून मोठे आवाज पचवलेले असतात. त्या वेळी ज्याला हळू वाजवता येतं तोच लक्ष वेधून घेतो.

यंत्रानेही यात भर घातली आहे. ड्रमरच्या कानात लय मोजून देणारी क्लिक चालू असते आणि लॅपटॉपवरून व्हायोलिनचे थर, कोरस, कधी जादा गिटारही येत असते. ध्वनिमुद्रणासारखं नेटकं ऐकू येतं खरं. पण लय श्वास घेऊ शकत नाही. समोरचे लोक धृपद पुन्हा म्हणायला तयार असले तरी बँडला ते घेता येत नाही, कारण पुढचा भाग लॅपटॉपने ठरवून ठेवलेला असतो. मरफावाल्याला जे जमतं ते लाखोंची सामग्री असलेल्या बँडला जमू नये, ही आजच्या जिवंत वादनातली सर्वांत मोठी विसंगती आहे. मुंबईच्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाची सांगता सगळ्या कलाकारांच्या एकत्र वादनाने होते. तिथे ते जमतं, कारण ब्लूजचा बारा घरांचा आराखडा सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेला असतो. आपल्याकडे ठेके आहेत, राग आहेत, अभंगाच्या चाली आहेत. बँडांनी त्यांचा असा सामाईक आराखडा अजून केलेला नाही.

केला जातो तो ‘फ्यूजन’. त्याचा नमुना आता पाठ झाला आहे: आधी आलाप, मग गिटारची घरघर, मध्ये सरगम, शेवटी तिहाई. रागाची चौकट नावाला राहते आणि रॉकचा आडदांडपणाही सुटतो. याला सन्मान्य अपवाद आहेत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने लोकगीतं आणि रागांचे तुकडे घेऊन संथ, पसरट, स्वतःची अशी चाल घडवली, त्यांचं ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं आहे आणि ते मंचावर कितीही वाढू शकतं. केरळच्या ‘अवियल’ने 2008च्या अल्बममध्ये मल्याळम रॉकला स्वतःचा उच्चार दिला. ‘थैक्कुडम ब्रिज’ दूरचित्रवाणीवरच्या जुन्या गाण्यांच्या माळेने लोकप्रिय झाला, पण तिथे न थांबता त्याने ‘नवरसम’ हा स्वतःचा अल्बम केला. या तिघांचा सेट शेवटच्या रात्रीही टिकतो, कारण भाषा त्यांची आहे आणि गाणीही.

हैदराबादेत या बाबतीत काय दिसतं? जुबिली हिल्स, माधापूर, गचिबोवलीच्या पबांत आठवड्यातून अनेक रात्री बँड वाजतात. तेलुगू रात्र, बॉलिवूड रात्र, सूफी रात्र. ‘काप्रिचिओ’सारख्या स्थानिक बँडांनी तेलुगू चित्रपटगीतं नव्या बाजात वाजवून मोठा चाहतावर्ग मिळवला आहे. त्यांची सफाई वाखाणण्याजोगी आहे. प्रश्न इतकाच की पबमालकाला ओळखीचं गाणं हवं, ग्राहकाला ओळखीचं गाणं हवं, तेव्हा अनोळखी गाणं ओळखीचं व्हायचं कुठे? ‘चौरस्ता’ या बँडने हे धाडस केलं. तेलुगू बोलीतली, लोकसंगीत आणि रेगे यांच्या मिश्रणातली त्यांची गाणी स्वतःची होती. पण त्यातला राम मिरियाला ‘जाति रत्नालु’तल्या (2021) ‘चिट्टी’ने घराघरांत पोचला आणि 2022 मध्ये ‘डीजे टिल्लू’चं गाजलेलं गाणं त्यानेच केलं. चित्रपटात जाणं हा गुन्हा नव्हे; चिक चॉकलेटही गेलाच होता. मात्र तेलुगू चित्रपटाची ताकद एवढी अफाट आहे की बँड हा तिथे जाण्याचा जिना ठरतो, आणि जिन्यावर कुणी घर बांधत नाही.

मराठीने तेलुगूकडे बोट दाखवू नये. आपल्याकडे चित्रपटाच्या जोडीला नाट्यसंगीत आणि भावगीत यांनी गायकाला मध्यभागी बसवलं आणि वादकांना साथीदार केलं. वाद्यवृंद म्हणजे जुन्या गाण्यांची रात्र, हे समीकरण पक्कं झालं. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने अभंगांना ड्रम आणि बेस गिटार जोडली तेव्हा तरुण श्रोता मिळाला, आणि वारकरी भजनातली वाढत जाणारी लय रॉकच्या मंचावर किती सहज बसते हेही कळलं. पण शब्द संतांचे. आजच्या शहराबद्दल, आजच्या मराठीत, आपलं म्हणणं मांडणारे आणि मंच पेलणारे बँड बोटांवर मोजावे लागतात. हैदराबादेतला मराठी समाज जुना आहे. विवेकवर्धिनी शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, साहित्य परिषद या त्याच्या शंभरीच्या आसपासच्या संस्था. त्यांच्या मंचावर नाटक येतं, सुगम संगीत येतं. बँड आला तर तो गणेशोत्सवात जुनी गाणी घेऊन येतो.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेतले ध्वनिवर्धक बंद केले. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सवाईची रात्रभराची बैठक यातच गेली. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा पबांतून आवाज येऊ नये असा आदेश दिला. रहिवाशांचा त्रास खरा होता आणि पबांचा बेमुर्वतपणाही. हैदराबाद पोलिसांनी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये धार्मिक मिरवणुकांतल्या डीजेवर बंदी घातली. या दोन्ही गोष्टींकडे बँडांनी संकट म्हणून पाहू नये. यंत्राचा कर्कश आवाज मागे हटतो तिथे हाताने वाजवणाऱ्याला वाव मिळतो. सायंकाळी सात ते साडेनऊ, खुर्च्या मांडलेली लहान खोली, मर्यादित आवाज: बँड घडण्यासाठी एवढं पुरतं. बंजारा हिल्समधलं ‘लामकान’ 2010 पासून एका जुन्या बंगल्यात चर्चा, नाटक, गाणं यांना परवडणाऱ्या दरात जागा देत आलं आहे. पब नसलेली जागा शहरात चालते, हे त्याने दाखवून दिलं. अशा एका जागेवर अख्ख्या शहराचं भागणार नाही, एवढंच.

म्हणून महोत्सवांच्या संख्येवरून या कलेची तब्येत ठरवू नये. महोत्सव वर्षातून एकदा येतो. तो कस लावतो, घडवत नाही. पबमालकांनी आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त स्वरचित गाण्यांना दिली, महाविद्यालयांनी स्पर्धेत नकलांना बंदी केली, मराठी-तेलुगू वृत्तपत्रांनी बँडांच्या वादनाची परीक्षणं गायकांच्या मैफलीइतक्याच गांभीर्याने छापली, तर पाच-सात वर्षांत फरक दिसेल. बँडांनीही लॅपटॉप बंद करून अर्धा तास वाजवून पाहावं. हैदराबादेतल्यांनी त्याआधी एखाद्या कव्वालाच्या मागच्या ओळीत बसून यावं. आणि आयोजकांनी एकदा तरी शेवटच्या दिवशीची शेवटची जागा गावातल्याच बँडला देण्याची जोखीम घ्यावी. तो फसला तरी हरकत नाही. फसण्याची संधीही ज्यांना मिळत नाही, त्यांच्याकडून सांगतेची अपेक्षा कशी करायची?