इकोबँक : शाखाविस्तार आणि प्रादेशिक एकीकरण

पश्चिम आफ्रिकेतील इकोबँक समूहाच्या वाढीचे वर्णन बहुधा प्रादेशिक एकीकरणाचे यश म्हणून केले जाते. या मताची तपासणी करावयाची तर शाखांचा प्रसार आणि अर्थव्यवस्थांचे एकीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

या समूहाची सूत्रधारी कंपनी 1985 मध्ये टोगोची राजधानी लोमे येथे स्थापन झाली. पुढाकार पश्चिम आफ्रिकेतील व्यापारी मंडळांच्या महासंघाचा होता आणि त्यास 1975 मध्ये जन्मास आलेल्या प्रादेशिक आर्थिक समुदायाचा पाठिंबा होता. त्या काळी तेथील बँकव्यवसाय मुख्यत्वे परकीय व सरकारी बँकांच्या हाती होता; देशी व्यापाऱ्यांच्या भांडवलावर उभी राहिलेली, सीमा ओलांडणारी बँक ही त्या स्थितीस दिलेली मार्मिक प्रतिक्रिया होती. टोगो सरकारने कंपनीस विशेष दर्जा दिला. 1988 मध्ये टोगोतील पहिली बँक सुरू झाली आणि आज समूहाचा व्याप तिसाहून अधिक देशांत आहे. 2006 मध्ये तिचे समभाग लागोस, अक्रा व आबिजान अशा तिन्ही बाजारांत नोंदले गेले. इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषाप्रदेशांत एकाच नावाने काम करणे ही कामगिरी निःसंशय मोठी होय.

तथापि या समूहाची घटना पाहिली असता वेगळे चित्र दिसते. प्रत्येक देशातील बँक ही स्वतंत्र उपकंपनी असून, तिचे भांडवल त्या देशाच्या नियमांनुसार राखावे लागते. अक्रा येथील ठेवी डाकारच्या उद्योजकास सहजगत्या कर्जरूपाने मिळत नाहीत. नाव एक असले तरी तिजोऱ्या अनेक आहेत.

त्यातही चलनाचा प्रश्न निर्णायक ठरतो. फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांची मध्यवर्ती बँक एकच असल्यामुळे तेथे परस्पर व्यवहारात विनिमयाची जोखीम राहत नाही. नायजेरियाची गोष्ट निराळी. 2011 मध्ये ओशियानिक बँक ताब्यात घेऊन समूहाने तेथे मोठा विस्तार केला. परंतु समूहाचे हिशेब डॉलरमध्ये मांडले जातात. जून 2023 मध्ये नैराचा दर मोकळा सोडण्यात आला. तेव्हा डॉलरला सुमारे 460 नैरा पडत असत. 2024 च्या आरंभी 1500 च्या आसपास पडू लागले. स्थानिक चलनातील नफा कायम राहिला तरी डॉलरमधील त्याचे मोल अशा वेळी एकतृतीयांशावर येते. ज्या विस्ताराने समूहाचे आकारमान वाढविले, त्यानेच त्याची दुर्बलताही वाढविली.

मालकीविषयीही असेच म्हणावे लागेल. देशी भांडवलाच्या उद्देशाने जन्मलेल्या या संस्थेत 2014 मध्ये कतार नॅशनल बँक आणि दक्षिण आफ्रिकेची नेडबँक यांनी प्रत्येकी सुमारे पंचमांश हिस्सा मिळविला. त्याच वर्षी संचालक मंडळातील वादाअंती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यात आले. अनेक देशांत पसरलेल्या कंपनीवर अंतिम देखरेख कोणाची, हा प्रश्न त्या प्रसंगी तीव्रतेने पुढे आला. वाढत्या विस्तारास बाहेरचे भांडवल लागते आणि भांडवलाबरोबर नियंत्रणाचा वाटाही जातो, हे यातून उघड होते.

जानेवारी 2025 मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर हे देश प्रादेशिक समुदायातून औपचारिकपणे बाहेर पडले; परंतु फ्रँकच्या चलनसंघात मात्र राहिले. म्हणजे राजकीय ऐक्य तुटले असता जो दुवा शिल्लक राहिला तो बँकेच्या नामफलकाचा नव्हे, चलनाचा होय.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, इकोबँकेने व्यापाऱ्यास सीमेपलीकडे पैसे पाठविण्याची वाट करून दिली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण ती वाट किती रुंद असावी, हे बँक ठरवीत नाही. चलने, नियामक आणि सरकारे ठरवितात. बँकेच्या वाढीस एकीकरणाचे कारण मानण्याऐवजी तिच्या मर्यादा मोजण्याचे साधन मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.