काचेआडचा दिवा, पुठ्ठ्याचा दिवा

न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये हनुक्काचे शेकडो दिवे आहेत. काचेआड, न पेटलेले. अशा संग्रहालयांत सणाला मुलांसाठी गाणी, हस्तकला ठेवतात. छानच. पण आपण जरा नियम पाहू या. आठ रात्रींच्या या ज्योतींच्या उजेडात काम करायचं नसतं, त्या फक्त पाहायच्या. म्हणून तर नववी, शमाश, वेगळी. म्हणजे पाहणं हाच विधी! तेव्हा अडचण काचेची नाही, ज्योत नसण्याची आहे. त्यात मुलांनी पुठ्ठ्याचा दिवा केला, तर तोही विझलेलाच. त्यापेक्षा कागदी भोवरा, म्हणजे ड्रेडल, आम्हाला खरा वाटतो. घरी नेला की फिरतो, चॉकलेटच्या नाण्यांचा डाव रंगतो, भावंडं भांडतात. गाण्यांचंही तसंच बघा: मंचावरून नुसती ऐकवू नका, आईबापांकडून म्हणवून घ्या. दिवा शेवटी त्यांनाच लावायचाय, घरी, खिडकीत.