कोणता तुर्क? आदिलशाहीच्या कुळकथेचे वाचन

यूसुफ आदिलशहा ‘तुर्की वंशाचा’ होता, हे वाक्य मराठी इतिहासाच्या पुस्तकांत सहज भेटते. काही ठिकाणी त्याला जोडून आणखी एक वाक्य येते: तो उस्मानी सुलतानाचा मुलगा होता. पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसरे ही एक कथा आहे. ती कोणी, कोणासाठी आणि कधी सांगितली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मुळात ‘तुर्क’ हा शब्दच मराठीत फार सैल वापरला गेला. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तला तुर्क म्हणजे मुसलमान, तो कोणत्या देशातून आला, कोणती भाषा बोलतो, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. पुढे तुर्कस्तान हे राष्ट्र आपल्या नकाशात आले आणि ‘तुर्की’ म्हणजे त्या देशाचा, असा अर्थ रुळला. जुना सैल शब्द आणि नवा नेमका अर्थ एकत्र आल्यामुळे यूसुफ आपोआप इस्तंबूलचा झाला. पण पंधराव्या शतकात तुर्की बोलणारे लोक बोस्फोरसपासून मध्य आशियापर्यंत पसरलेले होते. दख्खनमध्ये जे आले त्यांतले बरेच जण इस्तंबूलचे नव्हते.

आता कथा पाहू. ती आपल्यापर्यंत आली मुख्यतः फिरिश्त्यामुळे. त्याचा इतिहासग्रंथ ‘गुलशन-इ-इब्राहिमी’ १६०६च्या सुमारास विजापूर दरबारात सिद्ध झाला, आणि १८२९ साली जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर तो सर्वत्र वाचला गेला. फिरिश्ता सांगतो की, १४५१ साली सुलतान मुराद दुसरा वारला आणि महंमद दुसरा गादीवर आला. राज्याला वाटेकरी नको म्हणून भावाला मारण्याचे ठरले. आईने लहानग्या यूसुफच्या जागी एका गुलामाचे पोर पुढे केले आणि यूसुफला सावा गावच्या एका व्यापाऱ्याच्या हवाली केले. इराणातल्या सावा येथे तो वाढला, पुढे समुद्रमार्गे दाभोळला उतरला आणि बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याच्या आश्रयाने मोठा झाला.

मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. गादीसाठी जीव घेऊ पाहणारा नातलग, बदललेले मूल, परक्या घरी वाढलेला राजपुत्र: देवकी, कंस आणि गोकुळ यांची मांडणी याहून फार निराळी नाही. एखादी कथा ओळखीच्या साच्यात बसते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण पुरावा मागण्याचे कारण मात्र मिळते. महंमद दुसऱ्याने गादीवर येताच आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारविले, हे उस्मानी इतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे कथेचा खुंटा खऱ्या घटनेत रोवलेला आहे. त्याला बांधलेली दोरी तपासायची आहे. फिरिश्ता तरी ही हकिकत कशावर सांगतो? दरबारातल्या जुन्या घराण्यांकडून चालत आलेल्या आठवणींवर. घटना आणि लेखन यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे.

त्याच दरबारात, त्याच सुमारास, दुसरा एक इतिहासकार लिहीत होता: रफीउद्दीन शिराझी. त्याच्या ‘तज़किरतुल-मुलूक’मध्ये यूसुफ हा सावा येथील महमूद बेग याचा मुलगा आहे. इथे राजपुत्र नाही, अदलाबदल नाही. आक-कोयुनलू तुर्कमानांच्या सत्तेशी जोडलेले एक घराणे आहे. दख्खनच्या फारसी साहित्याचा इतिहास लिहिणारे टी. एन. देवरे यांनी आपल्या ग्रंथात (पुणे, १९६१) या नोंदीची दखल घेतली आहे. १५१०मध्ये गोवा घेणारे पोर्तुगीज यूसुफला ‘सबायो’ म्हणत. या नावाचा उगम ‘सावाई’, म्हणजे सावा गावचा, असा लावला जातो. सावा हे ठिकाण दोन्ही हकिकतींत आहे. मतभेद आहे तो सावाच्या आधीच्या प्रकरणाबद्दल, आणि ते प्रकरण फक्त कथेत आहे.

हे आक-कोयुनलू कोण? पंधराव्या शतकात आजचा पूर्व तुर्कस्तान, आर्मेनिया, अझरबैजान आणि पश्चिम इराण या पट्ट्यात दोन तुर्कमान टोळीसंघ राज्य करीत होते: कारा-कोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढ्यांचे, आणि आक-कोयुनलू, म्हणजे पांढऱ्या मेंढ्यांचे. त्यांची बोली उस्मानी तुर्कीची चुलत बहीण, पण आजच्या अझरबैजानी भाषेच्या अधिक जवळची. कारा-कोयुनलूंचा जहानशहा ‘हकीकी’ या नावाने तिच्यात कविता करी. त्याच्याच अमलात, १४४१ साली, आर्मेनियन चर्चचे सर्वोच्च पीठ पुन्हा एचमियाद्झिनला आले. १४६७ साली आक-कोयुनलूंच्या उझून हसनने जहानशहाचा पाडाव केला आणि हरलेल्या घराण्यातली माणसे पांगली. त्यांतलाच एक, हमदानचा सुलतान कुली, दख्खनला आला आणि गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक झाला. त्याच्या कुळीची तपशीलवार छाननी व्लादिमिर मिनोर्स्की या विद्वानाने १९५५ साली केली आहे. शिराझीचे म्हणणे धरले, तर तबरीझच्या परिसरात एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन टोळ्यांचे वंशज भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात शेजारी-शेजारी सुलतान झाले, असे चित्र उभे राहते.

मग उस्मानी राजपुत्राची कथा का हवी होती? आदिलशाहीची सुरुवातीची वागणूक पाहा. यूसुफने १५०२ साली शिया पंथ जाहीर केला, सफवी शाह इस्माईल तबरीझला गादीवर बसल्यानंतर वर्षभरातच. यूसुफचा मुलगा इस्माईल आदिलशहा याने आपल्या सैन्याला सफवींची बारा पाकळ्यांची लाल टोपी घालायला लावली आणि शुक्रवारच्या खुतब्यात इराणच्या शाही घराण्यासाठी प्रार्थना सुरू केली, असे खुद्द फिरिश्ताच लिहितो. सफवी आणि उस्मानी एकमेकांचे कट्टर शत्रू. १५१४ साली चाल्दिरानला त्यांची मोठी लढाई झाली. स्वतःला उस्मानी रक्ताचे समजणारे घराणे उस्मानींच्या वैऱ्याची टोपी मिरवील, हे पटत नाही.

१६०६ साली मात्र परिस्थिती बदललेली होती. इब्राहिम दुसऱ्याच्या काळात दरबार पुन्हा सुन्नी झाला होता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला होता. मोगल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत. त्यांच्यापुढे उभे राहायचे तर तोलामोलाची कुळी हवी, आणि सुन्नी जगात तैमूरच्या घराण्याला तोलामोलाचे घराणे म्हणजे उस्मानी. यात सोयरिकीचाही प्रश्न होता. १६०४ साली इब्राहिमची मुलगी अकबराचा मुलगा दानियाल याला दिली गेली. लग्न पैठणजवळ, गोदाकाठी झाले. वधूबरोबर विजापूरहून गेलेल्या मंडळींत फिरिश्ता स्वतः होता. सोयरीक जुळवताना कुळी सांगावी लागते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. कथा नेमकी याच लग्नासाठी रचली गेली असे मी म्हणत नाही. ती आधीपासून दरबारात फिरत असेल. पण ती ग्रंथात पक्की झाली तो काळ असा होता.

इब्राहिम दुसऱ्याची दुसरी कुळी मात्र आपण विसरतो. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा दख्खनी गीतसंग्रह सरस्वतीच्या वंदनाने सुरू होतो, आणि गणपतीला पिता व सरस्वतीला माता मानणारा हा सुलतान लोकांत ‘जगद्गुरू’ म्हणून ओळखला गेला. एकाच राजाच्या दोन कुळी: फारसीत उस्मानी, दख्खनीत गणपती-सरस्वतीची. पहिली दिल्ली-इराणच्या वाचकांसाठी, दुसरी आपल्या माणसांसाठी. यांतली कोणती खरी, हा प्रश्न इथे थिटा पडतो. दोन्ही आपापल्या जागी काम करीत होत्या.

तिसरी कुळी तर कोणी मोजलीच नाही. फिरिश्ताच सांगतो की, यूसुफची पत्नी बुबूजी खानम ही मुकुंदराव नावाच्या मराठ्याची बहीण. म्हणजे इस्माईल, घराण्यातला दुसराच सुलतान, मराठा आईचा मुलगा. तो अल्पवयीन असताना कारभारी कमालखान याने गादी बळकावण्याचा घाट घातला. तो मोडून काढला तो याच बुबूजीने, आणि तिच्या जोडीला होती यूसुफच्या माहेरची, इराणहून आलेली दिलशाद आगा. ‘परदेशी घराणे’ असे आपण म्हणतो तेव्हा फक्त बापाची बाजू धरतो. आईची बाजू धरली तर ते घराणे दुसऱ्या पिढीपासून अर्धे इथलेच होते.

सोलापूरला याची आणखी एक बाजू माहीत असायला हवी. १५२४ साली आदिलशाही आणि निजामशाही यांची सोयरीक ठरली ती सोलापुरात. इस्माईलची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला व साडेपाच परगणे आंदण कबूल झाले. आंदण मिळाले नाही म्हणून युद्धे झाली. पुढे तालिकोटच्या लढाईआधी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून परत आला. निजामशाहीची कुळी पाथरीच्या ब्राह्मण घराण्यापर्यंत जाते. म्हणजे सोलापूरसाठी भांडणारे दोन पक्ष ‘सावाचे तुर्कमान’ आणि ‘पाथरीचे ब्राह्मण’ होते असे कागदावर म्हणता येईल. पण त्या भांडणाचा कुळीशी काडीचा संबंध नव्हता. होता तो किल्ल्याशी आणि वसुलाशी.

कुळकथांचे हे प्रकरण जुने म्हणून सोडून देण्यासारखे नाही. ज्या प्रदेशातून हे तुर्कमान निघाले तिथे आजही ‘आधी कोण’ हा प्रश्न जिवंत आहे. येरेवानजवळ अर्गावंद येथे कारा-कोयुनलू अमीरांची १४१३ सालची कबर उभी आहे, म्हणजे आर्मेनियाच्या भूमीत तुर्कमानांचे स्मारक. विसाव्या शतकात बाकू आणि येरेवान येथील इतिहासकार काराबाखचे मूळ रहिवासी कोण यावर वर्षानुवर्षे भांडले. ते भांडण ग्रंथांत राहिले नाही. १९८८पासून दोन्ही बाजूंची लाखो माणसे घरे सोडून गेली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसांनी काही दिवसांत काराबाख सोडले. युद्धे एकट्या इतिहासलेखनामुळे होत नाहीत. पण शेजाऱ्याला घराबाहेर काढताना लागणारे वाक्य तिथूनच मिळते.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच बाजारात बोलणाऱ्या आपल्या शहराला हे वाक्य परवडणारे नाही. म्हणून अपेक्षा छोटीच आहे. पाठ्यपुस्तकात आणि आपल्या लेखनात यूसुफबद्दल ‘सावाहून आलेला तुर्कमान’ असे लिहावे. उस्मानी राजपुत्राची कथा इब्राहिम दुसऱ्याच्या काळातली दरबारी कथा म्हणून सांगावी. आणि बुबूजीचे नाव त्याच पानावर यावे. एवढे केले तरी ‘हे बाहेरचे’ आणि ‘हे आपले’ अशी सरळ रेघ त्या पानावर मारता येणार नाही.