'मृत' हृदयातले जिवंत झरे

काही पुस्तकांची नावे पुस्तकांपेक्षा जास्त दिवस टिकतात. जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांचे 'द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया' (1906) त्यांपैकीच. मेलबर्न विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे हे प्राध्यापक 1901-02 च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन लेक एअर सरोवराच्या रखरखीत परिसरात हिंडले. त्या प्रवासाचे हे पुस्तक आजही वाचनीय आहे. मात्र त्याचे नाव तपासून घ्यायला हवे.

याच सरोवराच्या वायव्येस विट्जिरा राष्ट्रीय उद्यान (स्थापना 1985) आहे. तेथे वर्षाला 200 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तरीही डलहौसीचे झरे बारमाही वाहतात. तेथील काही जातींचे मासे जगात अन्यत्र आढळत नाहीत. लोअर सदर्न अरेर्न्टे आणि वांगकांगुरू या आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन या पाण्याभोवती गुंफलेले आहे.

हे पाणी येते कोठून? भूगर्भातील शिलारसातून, असे ग्रेगरींचे मत होते. ते चुकीचे ठरले. पाणी पावसाचेच आहे. मुख्यतः पूर्वेकडील डोंगराळ भागात ते वालुकाश्मात मुरते, वरच्या अपार्य थरांखाली दाबले जाते, खोलवर तापते आणि लाखो वर्षांनी भेगांतून वर येते. या भूजल खोऱ्याचा विस्तार सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर आहे.

गंमत अशी, की चुकीच्या सिद्धांतावरून ग्रेगरींनी काढलेला एक निष्कर्ष मात्र मोलाचा होता: हा साठा अमर्याद नाही, तो उधळू नये. 1878 पासून खोदलेल्या अनेक विंधनविहिरी अनिर्बंध वाहत राहिल्या, दाब घटला आणि कित्येक झरे आटले. अशा विहिरींना झडपा बसवण्याचा व्यापक कार्यक्रम 1999 मध्ये सुरू झाला.

पुस्तकाचा खरा दोष त्याच्या शीर्षकात आहे. ग्रेगरींनी स्वतः आदिवासींकडून 'कडिमकारा' या प्रचंड प्राण्यांच्या कथा ऐकल्या आणि त्या जीवाश्मांशी ताडून पाहिल्या. ज्या प्रदेशात अशी स्मृती जपणारी माणसे राहतात, तो मृत कसा? आणि एखादा प्रदेश मृतच मानला, तर त्याचे पाणी वाचवण्याची तळमळ कोणाला वाटणार? विट्जिराच्या कारभारात 2007 पासून आदिवासींचाही वाटा आहे. त्या शीर्षकाला याहून चांगले उत्तर नाही.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर मांडावे आणि विचारावे: निष्कर्ष बरोबर निघाला, म्हणून सिद्धांत बरोबर ठरतो का?