श्यामची पत्रावळ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागल्या, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांना २४ डिसेंबरचे, साने गुरुजींच्या जयंतीचे, वेध लागतात. गुरुजी १८९९ साली जन्मले दूर कोकणात, पालगडला. पण आम्हांला ते शेजारचेच वाटतात. मलकापूर ओलांडले की खानदेश लागतो, आणि तेथल्याच अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिकही काढीत.

मी पाहिलेल्या जयंत्यांचा साचा मात्र ठरलेला. वक्तृत्वस्पर्धा, चित्रस्पर्धा आणि तीन बक्षिसे. भाषणे पाठ केलेली. चित्रांतली आई बहुधा डोळे पुसणारी.

'श्यामची आई' रडवते, यात शंका नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी तिचा बहुतेक भाग लिहिला, तो कढ आवरतच लिहिला असावा. परंतु आपण पुस्तकातले अश्रू तेवढे उचलले आणि त्यातले हुंदडणारे मूल विसरलो, ही माझी तक्रार आहे. हा श्याम पोहण्याच्या भीतीने माळ्यावर दडून बसतो. फुले मिळविण्याच्या हव्यासात कळ्याच तोडून आणतो. त्याला पत्रावळ लावता येत नाही, आणि ती शिकल्यावाचून त्याची सुटका होत नाही. ही आई उपदेश करते खरी. पण हाताला काम देऊन करते. आणि हे सारे श्याम मित्रांना रात्रीमागून रात्री तोंडाने सांगतो. म्हणजे पुस्तकाची घडणच मुळी ऐकण्यासाठी झालेली आहे.

मग जयंतीही तशीच का होऊ नये? गुरुजनांनी एक 'रात्र' सावकाश वाचून दाखवावी. माळ्याचा प्रसंग आला की मुलांनी लपंडाव मांडावा. ऐकलेले ज्याला जसे दिसले तसे त्याने रंगवावे, आणि ती चित्रे मुलांनीच लिहिलेल्या भित्तिपत्रकात लावावी. पहिला, दुसरा क्रमांक काढू नये. उमलण्याआधी खुडलेल्या कळ्यांची गोष्ट सांगून लगेच मुलांना चढाओढीला जुंपणे मला तरी विसंगत वाटते.

आपल्या डोंगरउतारांवर पळस आहेच. पाने आणावी, काड्या सोलाव्या, घरच्या आजीलाही शाळेत बोलवावे. दुपारची खिचडी ज्याने त्याने आपल्या पत्रावळीवर घ्यावी. एखादीतून गळेलही. गळली तर पुन्हा लावावी.